खालच्या पाणवठ्यावरची सभा

रामभाऊंच्या वडिलांचा आवाज नीरेच्या पलीकडं ऐकू जायचा. गावची दवंडी त्यांच्याकडं होती. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला, तेव्हा रामभाऊंनी गावकीची कामं सोडली आणि वडिलांची हलगी मोडून चुलीत घातली. त्यानंतर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांची बायको पारूबाई म्हणायची, "म्हैस उधळली तरी आमचं मानूस हाळी शेजाऱ्याकडनं घालून घेतं."

सारोळ्याजवळच्या पुलाखाली तेलाचे टँकर उतरू लागले ते त्र्याहत्तर साली. क्लीनर टाक्या धुवायचे आणि काळा गाळ नदीत सोडायचे. गावाचा पाणवठा पुलाच्या वर होता, बौद्ध वस्तीचा खाली. तवंग खाली वाहत यायचा. उन्हात त्यावर मोरपिसाचे रंग फिरायचे. पारूबाई घागरीच्या बुडानं तो बाजूला सारायची आणि पाणी भरायची. भाकरीला रॉकेलचा वास यायचा.

रामभाऊंनी चावडीवर जाऊन सांगितलं. गावचे कारभारी सोनबा म्हणाले, "आमच्या पाण्याला तर काय वास न्हाई." ते खोटं बोलत नव्हते. रामभाऊंना राग आला तो त्याचाच.

पुढच्या उन्हाळ्यात एका ठेकेदारानं टँकर धुवायला नदीच्या वरच्या अंगाला जागा घेतली. घाण नदीत सोडायला लोखंडी पाईप आले. ते गावाच्या पाणवठ्याच्याही वर टाकायचे होते. महिन्याच्या आत सोनबा वस्तीत आले. आजवर 'रामा' म्हणणारे, आज म्हणाले, "रामभाऊ, भोरच्या कचेरीत दोन अर्ज दिलं, कोन हाललं न्हाई. आता रस्त्यावर बसायचं. समद्या वाड्या गोळा कराया पायजेत. तुमच्या बापावानी दवंडी द्या."

"दवंडी हुकमाची असती. आमी ते सोडलं."

"आता कसला हुकूम? पानी तुमचंबी हाय."

"वरीसभर एकट्या आमचंच व्हतं," आतून पारूबाई म्हणाली.

रामभाऊंना कळत होतं, नाही म्हटलं तर पाईप पडणार, आणि हो म्हटलं तर अठरा वर्षांपूर्वी जो माणूस हलगी जाळत चुलीसमोर बसला होता, तो उगाच बसला होता. शेवटी ते म्हणाले, "दवंडी न्हाई. वाड्यांवर तुमची मानसं फिरवा. सभेत म्या बोलतो. पर सभा खालच्या पाणवठ्यावर व्हईल."

लोक आले. त्यातल्या पुष्कळांनी ती जागा कधी पाहिली नव्हती. बायकांनी पदर नाकाला लावले. रामभाऊ खडकावर चढले. इतक्या माणसांसमोर कसं बोलतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बापाचा सूर बाहेर पडला.

"ऐका हो ऐका..."

सवयीनं लोक गप्प झाले. आता पुढं 'अमक्याच्या हुकमावरनं' यायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. रामभाऊंनाही होतं. मान खाली घालून ते थांबले. खाली पाणी काळंनिळं चमकत होतं.

"हुकूम कुनाचा न्हाई," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं वाकून ह्ये पानी हुंगावं. मग काय ते ठरवावं."

कोणी हललं नाही. मग सोनबा वाकले, ओंजळ नाकाजवळ नेली. हात धोतराला पुसला तर डाग उठला.

"ह्ये पानी पीत व्हता तुमी?" सगुणाबाई म्हणाली. ती सोनबांची भावजय.

"सांगितलं व्हतं की चावडीवर," पारूबाई म्हणाली. "कान वरच्या अंगाला व्हतं तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव आणि वस्ती पुलावर बसली. टँकरांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी भोरहून साहेब आले, पाईप उचलले गेले. पुलाखालचं धुणंही बंद झालं. टँकर आता दुसऱ्या कुठल्या पाण्याशी थांबत असतील, हे रामभाऊंच्या मनातून जात नसे.

महिन्यानं चावडीवरून निरोप आला: परवा देवीची लस टोचायला डॉक्टर येणार, गावात दवंडी देता का. रामभाऊंनी निरोप्याला बसवलं, चहा दिला, आणि तो पिऊन होईस्तोवर थांबून सांगितलं, "न्हाई."