पिन लावलेला पदर

रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला ती पुंडलिकनगरातून स्कूटीवर येते. चर्चच्या दारात हेल्मेट काढते अन् लगेच डोक्यावरून पदर घेऊन पिन लावते. पैठणच्या एसटीवर कंडक्टर होती, त्यामुळं बाकावर बसताना आम्हाला अजूनही दरडावते, "सरका पुढं, लई जागा हाय." आम्ही मुकाट सरकतो.

आमच्यातल्या बहुतेक बाया आता उघड्या डोक्यानंच बसतात. हिला मी एकदा विचारलं, ही सासरची रीत का? ती खळखळून हसली. "नाय गं. सासऱ्यापुढं कधी घेतला नाय. इथं घ्यावा वाटतो, म्हणून घेते."

गेल्या महिन्यात आमच्याच बाकावर एक नवी सून आली. सासूनं तिच्या डोक्यावर पदर ओढला अन् हिच्याकडं बोट दाखवलं. "बघ, त्या बाई कशा घेतेत. शिक जरा." सुनेनं मान खाली घातली.

हिनं शांतपणे पिन काढली अन् स्वतःचा पदर खांद्यावर सोडला. "ताई, माझं मी ठरवते. तिचं तिला ठरवू द्या की."

मिस्सा संपेपर्यंत ती तशीच उघड्या डोक्यानं राहिली. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठताना तिचा हात सवयीनं डोक्याकडं गेला अन् तसाच खाली आला.

बाहेर सून नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसत होती. हिनं जाऊन दोघांना अडवलं.

"हेल्मेट कुठंय? ह्याच्यात कुणाची मर्जी चालत नाय!"