शेवटच्या बाकावरची उशी

चर्चच्या शेवटच्या बाकावर सालोमेमावशींची उशी अजून तशीच आहे. जुन्या लुगड्याची, मधोमध दबलेली. आज तिच्यावर धूळ दिसली.

भजनाला पेटी हवी की कीबोर्ड, यावरून आमच्या मंडळीत इतकी भांडणं झाली की शेवटी उपासनाच दोन झाल्या. आठची पेटीवाल्यांची, दहाची कीबोर्डवाल्यांची. मी पेटीवाला. मावशी आठला दिसेनाशा झाल्या तेव्हा मीच म्हणालो, "गेल्या असतील तिकडे. जाऊ देत." दहावाल्यांना वाटलं, त्या आठलाच जातात. आणि मावशी घरी एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे आम्ही दोन्ही वेळा वाचत होतो.

दफनाला मात्र सगळे आले. कबरीपाशी ना पेटी होती ना कीबोर्ड, तरी सूर लागला.

परतताना त्यांची शेजारीण म्हणाली, "रविवारी घंटा ऐकली की मला दार उघडायला लावायच्या. म्हणायच्या, उपासना सुटली की कोणीतरी येईल बघ."

आमच्याकडे रविवारी घंटा दोनदा वाजते.