कमलाक्षी टीचरचा कौल

आमच्या शेजारची कमलाक्षी डिचोलीच्या एका शाळेत बावीस वर्षे गणित शिकवते. तिला 'नाही' म्हणता येत नाही. संमेलन, मुलांची आधार कार्डे, माध्यान्ह आहाराची चव घेणे, सगळे तिच्याकडे. संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला येते आणि कप हातात धरूनच पेंगते. जूनपासून एकवीस वेळा. दोनदा कप फुटला.

१४ जुलै, सोमवार. हेडमास्तर मधुकर सरांनी नवे काम काढले. शिक्षकांचा ताण कमी करण्यासाठी शाळेला एक प्रमुख हवा होता. अर्थात कमलाक्षी. दर शनिवारी अहवाल पाठवायचा.

"हे गळ्यात पडलं तर मी नोकरीच सोडीन, काकी."

"मग सांग सरांना."

"त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाही गो."

"देवाने सांगितलं तर?"

देवापुढे सरांचे काही चालत नाही. नवी गाडीसुद्धा त्यांनी कौल लावून घेतली.

गुरुवारी आम्ही साखळीकडच्या देवळात गेलो. तिथे कौलासाठी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मात्र भटजींनीच घालायचा. कमलाक्षीने शांताराम भटजींना बजावले, "काम नाकारू का, एवढंच विचारा." भटजींची नात तिच्याच वर्गात. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले, "देवा, ही आमची गुणाची टीचर सगळ्यांचा भार वाहते. हाही तिनेच घ्यावा ना?"

गाऱ्हाण्यात मध्ये बोलत नाहीत. उजवी पाकळी टपकन पडली.

"भटजी, हे काय विचारलंत?"

"अगो, कामाला नको म्हणायचं देवाला कसं विचारू? बरं दिसतं?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोके टेकून बसली. कारापूरचा थांबा गेला, तशी एकदम ताठ बसली. "काकी, प्रमुख म्हणजे नियम मीच करायचे ना?"

शुक्रवारी फलकावर दोन नियम लागले. पाचनंतर शाळेच्या ग्रुपवर कोणीही, हेडमास्तरांनीही, काही पाठवायचे नाही. संमेलनापासून आहाराच्या चवीपर्यंत सगळी जादा कामे आळीपाळीने; सुरुवात हेडमास्तरांपासून.

सर तणतणत आले. "टीचर, हे काय मांडलंय?"

"मला नकोच होतं, सर. देवाने उजवी दिली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. मग हळूच विचारले, "पाचनंतर मी करू तरी काय?"

"घरी जा, सर," कमलाक्षी म्हणाली.