शनिवारी हमाल होणारे आमचे साहेब

स्वतःच्या खुर्चीचा इतका कंटाळा असलेला साहेब अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. लोक खुर्चीसाठी काय काय करतात! आमचे साहेब ती दर शनिवारी वाटून टाकायचे. नव्वदच्या दशकात कामणला आमचं प्लास्टिकच्या बादल्यांचं गोदाम होतं. तिथे मी कारकून, ते मॅनेजर. मूळचा माणूस साधा, सांगलीकडचा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा. पण शेठनी त्यांना नेतृत्वविकासाच्या शिबिरासाठी लोणावळ्याला धाडलं आणि सगळा घोटाळा झाला. बाकीचे मॅनेजर येताना चिक्की घेऊन आले, आमचे साहेब विचार घेऊन आले.

पहिला विचार असा की कामाच्या जागी कुणी कुणावर ओरडायचं नाही. आता गोदाम म्हटलं की ओरडणं आलंच. साहेबांनाही राग यायचा, नाही असं नाही. मग ते मागच्या बाजूला जायचे, एक मोठी बादली डोक्यावर पालथी घ्यायचे आणि आतल्या आत मनसोक्त ओरडायचे. बाहेर नुसता घूं घूं आवाज. परत आल्यावर चेहरा अगदी शांत. "हं, बोला, काय म्हणत होतात?" दुसरा विचार त्याहून अचाट. दर शनिवारी आमच्यातला एकजण साहेब होणार आणि साहेब हमाल. "हुकूम सोडता आला पाहिजे तसा ऐकताही आला पाहिजे," असं ते म्हणायचे. आमचा ड्रायव्हर खुर्चीत बसला तेव्हा त्याने पहिल्या पाच मिनिटांत स्वतःची रजा मंजूर केली आणि घरी निघून गेला. आम्ही हसून हसून बेजार. साहेब मात्र कौतुकाने म्हणाले, "बघा, निर्णय कसा झटपट घेतला!"

एका शनिवारी पाळी मंगलताईंची होती. त्या चांदीप गावाहून पॅकिंगच्या कामाला यायच्या. नेमके त्याच दिवशी, न कळवता, शेठ एका बड्या गिऱ्हाइकाला घेऊन हजर! जेवणाची वेळ. खुर्चीत मंगलताई, आणि साहेब बनियनवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून ट्रक भरताहेत. गिऱ्हाईक म्हणालं, माल आत्ताच्या आत्ता हवा. मंगलताई म्हणाल्या, "जेवल्याबिगर कोन हात लावनार नाय."

"मॅनेजर कुठायत?" शेठ गरजले.

साहेबांनी डोक्यावरचं खोकं खाली ठेवलं. "शेठ, आज मॅनेजर मंगलताई आहेत."

शेठ लालबुंद झाले. "असं का? मग बाई, पहिलं यांनाच कामावरून काढा!"

साहेबांच्या दोन्ही मुली शाळेत शिकत होत्या, घरात मिळवता माणूस एकच. मंगलताईंनी पदर खोचला. "काढीन की, शेट. पन आदी त्यांची भाकरी होऊ द्या. उपाशी मानसाला काढत नाय आमी."

गिऱ्हाईक खो खो हसत सुटलं आणि चक्क आमच्या पंगतीला येऊन बसलं. मालाची ऑर्डर त्याने दुप्पट केली. मग शेठनाही हसावं लागलं. नोकरी वाचली म्हणून आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. पण शेठ काही विसरले नाहीत. महिन्याभरात साहेबांना बढती मिळाली, मुंबईच्या हेड ऑफिसात. आम्ही पुन्हा पेढे खाल्ले. बढती देऊनही माणसाला काढता येतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढे एकदा वसईच्या बाजारात ते भेटले, हातात भाजीची पिशवी. खूप वाळले होते. मी विचारलं, "साहेब, मुंबईचं ऑफिस कसं आहे?"

"केबिन मोठी आहे हो," ते म्हणाले. "हाताखाली मात्र कुणीच दिलं नाही. शनिवारी खुर्ची द्यायची तर कुणाला?"

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षा स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेलो.