आप्पांचा डावा हात

मी ठशावरून कागद हलकेच सोलला, उलटा केला आणि दोन्ही हातांनी वर धरला. टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा होती. समोर मंडळाचे अकरा सभासद, मधल्या खुर्चीवर आप्पा, शेजारी त्यांची थोरली बहीण आक्का. टाळी वाजली एकच, आणि तीही अर्ध्यात थांबली. मग आक्का म्हणाल्या,

"अगं बाई, हा डाव्या हातानं किल्ली द्यायलाय की रं!"

झालं कसं, ते सांगतो.

मी तेव्हा निपाणीतल्या एका छापखान्यात ठसे कोरायचो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. तंबाखूच्या पुड्यांना लेबल लागायचं. कुणाचा मोर, कुणाचा हत्ती, कुणाचा उगवता सूर्य. ते चित्र आधी लाकडात कोरावं लागे. जे कागदावर उमटवायचं ते उंच ठेवायचं, बाकीचं खोदून टाकायचं. वरून शाईचा रूळ फिरवला की उंच भागालाच शाई लागते. हा झाला ठसा. यात एकच गोम आहे. ठशावर जे उजवीकडे असतं ते कागदावर डावीकडे येतं. म्हणून लाकडावर सगळं उलटं कोरायचं. याला अक्कल लागत नाही, सवय लागते. मी मूळ चित्राचा पातळ कागद लाकडावर पालथा चिकटवायचो. चित्र आपोआप उलटं व्हायचं. मग डोकं बाजूला ठेवून कोरत बसायचं.

गावात एक चित्रकला मंडळ होतं. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेलं. दर रविवारी दुपारी शाळेच्या एका खोलीत सभा भरायची. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. मग त्यातल्या चुकांवर वाद व्हायचा. मग चहा. उरलेल्या वेळात चित्रकला. अकरा सभासदांत खरं चित्र काढता येणारे तिघं. बाकीच्या आठांना चित्रातलं कळायचं, असं त्यांचंच म्हणणं होतं.

पण मास्तरांचा जीव त्या मंडळात होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सोमवार ते शनिवार शाळा, आणि रविवारची वाट बघायची. अशात हेडमास्तरांनी सांगितलं, "बाकांवर रंग सांडतात, महिनाअखेर खोली रिकामी करा." मास्तर पार खचले. जागा नाही म्हणजे मंडळ नाही, आणि मंडळ नाही म्हणजे मास्तरांचा रविवार नाही.

बाजारात आप्पांची तंबाखूची एक वखार रिकामी पडली होती. आप्पा जैन समाजातले मोठे व्यापारी. माणूस भला, पण कुठल्याही गोष्टीला लगेच हो म्हणायचे नाहीत. "बघू" म्हणायचे. मास्तर ती वखार मंडळासाठी आधीपासूनच मागत होते, आणि आप्पांचं "बघू" चार महिने चालू होतं.

मास्तरांनी मग डाव टाकला. ते छापखान्यात आले आणि मला म्हणाले, "शंकर, आपण आप्पांच्या वखारीतच ठसाछपाईचं प्रात्यक्षिक करायचं. आप्पांना बोलवायचं. आणि चित्र कसलं छापायचं माहीत आहे?"

त्यांनी कागद उलगडला. आप्पा वखारीची किल्ली देताहेत. घेणारा नुसता हात, कडेनं चित्रात शिरलेला. तो मास्तरांचाच होता, नखाला लागलेल्या रंगासकट.

"पण मास्तर, किल्ली अजून दिलीच न्हाई की त्यांनी."

"म्हणूनच. एकदा चित्र छापून गावभर वाटलं की देतील."

मी म्हटलं, "खाली नाव घालूया का आप्पांचं? लेबलावर घालतो तसं."

मास्तर दुखावले. "शंकर, हे लेबल नव्हे. ही कला आहे. यात अक्षर नको."

इथंच घात झाला. मी तो कागद घेतला आणि रोजच्यासारखा लाकडावर पालथा चिकटवला. मला माहीत नव्हतं की मास्तरांनी कुठल्याशा मासिकात ठसा उलटा उमटतो हे वाचलं होतं. त्यांनी मोठ्या काळजीनं, कागद खिडकीच्या काचेला लावून, चित्र आधीच उलटं करून आणलं होतं. त्यांनी एकदा उलटं केलं, मी एकदा केलं. लाकडावर आप्पा झकास उजव्या हातानं किल्ली देत होते. चित्रात एक अक्षर जरी असतं, तर ते लाकडावर सुलटं दिसून मी दचकलो असतो. मी चित्राची बाजू अक्षरावरून ओळखणारा माणूस. अक्षर नाही म्हटल्यावर आंधळाच.

तर प्रात्यक्षिक. वखारीत तंबाखूची बारीक धूळ इतकी, की इतिवृत्त वाचताना निम्मे सभासद शिंकत होते. मी फरशीच्या तुकड्यावर शाई घोटली, ठशावर रूळ फिरवला, किंचित ओला कागद ठेवला. छापायचं यंत्र तिथं नव्हतं. म्हणून आक्कांच्या घरची पितळी पळी मागवली आणि तिच्या पाठीनं कागद घासला. आप्पा पुढं वाकून बघत होते. आणि मग मी तो कागद वर धरला.

डाव्या हातानं आमच्याकडे कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा देत नाही. आणि आप्पा अख्खी वखार डाव्या हातानं देताना दिसत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी मास्तरांकडे. त्याच वेळी दोघांनाही उमगलं.

"माझी चूक," मास्तर म्हणाले.

"निम्मी माझी," मी म्हटलं.

आप्पांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. पण चेहरा खुलला. "हात चुकलाय खरं. पण तोंड काय काढलंय! अक्षी मी हाय."

"कुठला तू?" आक्का म्हणाल्या. "चामखीळ बघ की. भलत्याच गालावर हाय."

"बरोबर हाय." आप्पांनी एक बोट आपल्या गालावर ठेवलं, एक कागदावर. "ही बाजू, ही बाजू. एकच हाय न्हवं?"

आक्कांनी त्यांना खांद्याला धरून आमच्याकडे वळवलं, बाजारात खोंड दाखवतात तसं. "सांगा रं, चामखीळ कुठल्या बाजूला दिसती?" अकराही सभासदांनी दुसऱ्या बाजूला हात केला. मंडळात एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आप्पांना ते काही पटलं नाही.

"हात तेवढा नीट करून आणा," ते उठत म्हणाले. "पुढच्या रविवारी. मग किल्लीचं बघू."

म्हणजे परत "बघू".

दुसऱ्या दिवशी छापखान्याचे मालक माझ्या पाटापाशी आले.

"शंकर, आप्पांचा डावा हात आपल्याकडनं गेलाय म्हणं?"

"व्हय मालक."

"ते गिऱ्हाईक हायत आपलं."

"व्हय मालक."

"मग लेबलं ऱ्हाऊ देत. आधी त्यांचा उजवा हात कर."

आठवडाभर मी नवा ठसा कोरत होतो. शाळा सुटली की मास्तर येऊन शेजारी बसायचे आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आता कुठला हात आहे?" मी म्हणायचो, "लाकडावर डावा." ते डोळे मिटून हिशेब करायचे आणि म्हणायचे, "म्हणजे बरोबर." पुढच्या पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चिडायला हवं होतं, पण मला ते जमलं नाही. महिना संपायला एकच रविवार उरला होता.

रविवार उजाडला. तीच वखार, त्याच शिंका, तीच पळी. कागद वर धरला. उजवा हात, चामखीळ जागेवर, डोक्याचा रुमाल जसा बांधतात तसा. या वेळी टाळ्या पडल्या, चांगल्या कडकडून. मास्तरांनी डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

आप्पांनी कागद घेतला.

"हा कोण?"

"तुम्हीच, आप्पा."

"न्हाई. ह्याचं तोंड वाकडं हाय. मिशी एकीकडं वर गेलीया."

सभासद खाली बघायला लागले. कारण आप्पांचं तोंड जरा वाकडंच होतं, आणि मिशी एकीकडे वर गेलेली अख्ख्या निपाणीला ठाऊक होती.

"मागल्या खेपंला मी होतो," आप्पा म्हणाले. "ह्यो मी न्हाई. मागलंच घ्या, हात तेवढा बदला."

मी सांगून बघितलं, "आप्पा, ठसा फिरला की सगळाच फिरतो. हात सुलटा तर तोंडबी सुलटं." पण हे बोलताना माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी विचारलं,

"आप्पा, तुम्ही स्वतःचं तोंड कशात बघता?"

"आरशात. आणि कशात बघू?"

"आरसा आमच्या ठशासारखाच असतो. उलटं दाखवतो. मागल्या कागदावर आरशातले आप्पा आलते. हे लोकांना दिसतात ते."

आप्पा कागदाकडे बघत राहिले. आजवर त्यांनी फोटो काढून घेतला नव्हता. आपण कसे दिसतो हे साठीच्या त्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही अकरा लोकांसमोर. मला त्यांची फार दया आली.

"म्हंजे मी तुमाला असा दिसतो?"

"व्हय आप्पा."

"रोज?"

"रोज."

"आणि एकानंबी सांगितलं न्हाई!"

कुणीतरी हसलं आणि लगेच शिंकल्यासारखं केलं. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद बहिणीपुढं धरला. एवढा मोठा व्यापारी, पण त्या घडीला धाकटा भाऊच वाटला.

"आक्का, माझं तोंड असं वाकडं हाय व्हय गं?"

आक्कांनी कागद घेतला नाही. भावाच्याच तोंडाकडे बघितलं.

"वाकडं न्हाई ते. आईचं हाय. आई हसायची तवा तिचं तोंड असंच एकीकडं जायचं."

आप्पा दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. आक्कांनीच त्यांना वाढवलं. घरात आईची तसबीर नव्हती, आणि आप्पांना ती अजिबात आठवत नव्हती. हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की आप्पांनी कागद पुन्हा जवळ घेतला आणि त्यातल्या आपल्याच तोंडाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. शाई ओली होती. बोट काळं झालं, ओठही थोडा फिसकटला. मास्तरसुद्धा कलेबद्दल काही बोलले नाहीत.

मग आप्पांनी कमरेची किल्ली सोडली. "घ्या मास्तर," म्हणाले. काळं बोट पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मंडळ त्या वखारीत पुढं बरीच वर्षं चाललं. ठशाच्या पन्नास प्रती काढल्या. चांगली प्रत मंडळात लागली. आप्पांनी मात्र घरी फिसकटलेलीच नेली. डाव्या हाताचा पहिला कागद कुठं गेला हे कुणी विचारलं नाही.

मी शिकलो ते एवढंच. माणसाचा चेहरा कोरायचं काम आलं, की पहिला कागद मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. आधी घरातल्या थोरल्या बाईला दाखवतो. ती हो म्हणाली की मग गिऱ्हाईक काय म्हणेल ते ऐकून घेतो, आणि ठसा आहे तसाच ठेवतो.