तळ्यासमोरचे पडदे

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी धुकं होतं, उशिरा निवळलं. वर्तमानपत्र ओलं आलं. दुपारी पडदेताई पुढच्या खोलीचे पडदे काढून घेऊन गेल्या. पहिल्या रांगेतल्या सगळ्याच घरांचे नेले. संध्याकाळी दिवा लावला तर आपण घरात बसलो आहोत की दुकानाच्या काचेत, तेच कळेना. जेवण लवकर उरकलं.

त्या दिवशीची नोंद एवढीच. पण पडदेताईंची गोष्ट सांगायची तर आधी आमची वस्ती सांगायला हवी.

तळ्याच्या काठाला लागून घरांची एक रांग आहे, ती पहिली रांग. बाकीची घरं मागे चढावर आहेत. त्यांच्या रांगा बऱ्याच आहेत, पण त्या सगळ्यांना मिळून मागची रांग म्हणतात. पहिल्या रांगेला तळं दिसतं आणि मागच्या रांगेला पहिल्या रांगेची कचऱ्याची पिंपं दिसतात. पहिल्या रांगेतल्या लोकांनी जन्मभर राबून तळ्यासमोर घरं घेतली, जमिनीपासून छतापर्यंत काचा बसवल्या आणि राहायला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काचेतून जेवढं तळं दिसतं तेवढेच आपणही दिसतो. काच आणि पाणी यांच्या मधून एक पायवाट जाते आणि तिच्यावर सगळी वस्ती फिरायला येते. हे लक्षात आलं की पडदेताईंना बोलावणं जायचं.

"ताई, अगदी जाड हवेत हं. बाहेरून काही म्हणजे काही दिसता कामा नये."

"मग आतूनही दिसायचं नाही."

"चालेल हो! तळं काय कुठे पळून जातंय?"

असं करत करत पडदेताईंनी सगळं तळं झाकून टाकलं. त्यांची स्वतःची शिवणाची खोली मागच्या रांगेत. मशीन खिडकीशी मांडलेलं, आणि खिडकीसमोर पिंपं. ज्यांना तळं दिसू शकत होतं त्यांना ते दिसू नये, म्हणून त्या पिंपांकडे बघत दिवसभर मशीन चालवायच्या. यात काही गंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. धंदा तो धंदा.

त्यांचे यजमान बस चालवायचे. निवृत्त झाले, आता आराम करू म्हणाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, पाय मागे राहिला. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "रोज चालवा. सपाट जागेवर. आत्ता खंड पडला तर पाय आखडेल आणि मग ते खुर्चीतच बसतील, कायमचे." आमच्या वस्तीत सपाट जागा एकच, ती म्हणजे तळ्याकाठची पायवाट. मागच्या रांगेतले रस्ते असे आहेत की हातातून बटाटा सुटला तर तो थेट पहिल्या रांगेच्या दारात जाऊन थांबावा. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबांना घेऊन इकडे या ना." तिकडे जावयाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

म्हणून रोज संध्याकाळी पडदेताई त्यांना जुन्या गाडीत घालून पायवाटेच्या तोंडापर्यंत आणायच्या. त्या गाडी चालवायला उतारवयात शिकलेल्या, आणि शेजारी जन्मभर बस चालवलेला माणूस.

"अगं, वळण आलं. वळण!"

"दिसतंय मला."

"दिसतंय तर ब्रेक लाव की."

"तुम्ही लावलाय ना तिथून, पुरे तेवढा!"

आणि खरंच, डॉक्टरांसमोर तसूभर न हलणारा उजवा पाय उतारावर नसलेल्या ब्रेकवर असा दाबला जायचा की ताईंना वाटायचं, हाच व्यायाम द्यावा.

पायवाटेवर ते काठी टेकत चालायचे आणि प्रत्येक घरासमोर थांबायचे. थांबा घेतोय म्हणायचे. समोर बंद पडदा. "प्रवासी नाहीत," असं म्हणून पुढे निघायचे.

पहिल्या रांगेतल्या रहिवाशांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य. त्यांना एकदा कुणीतरी होडीतून तळ्याच्या पलीकडे नेलं आणि तिथून त्यांनी आपली रांग पाहिली. परत आले ते अस्वस्थ होऊनच. प्रत्येक घराच्या पडद्याचं अस्तर वेगळं होतं.

"एक पांढरं, एक पिवळट, एक काळपट," ते म्हणाले. "असं तोंड घेऊन पेशंट आला असता तर मी त्याला आरसा दाखवला नसता."

झालं. सगळ्या रांगेला एकच अस्तर लावायचं ठरलं. दंतवैद्यीणबाईंनी पडदेताईंना बोलावून घेतलं.

"एकाच ताक्यातलं हवं हं, ताई. छटेत फरक नको. आणि रविवारी आमच्याकडे मंडळाची बैठक आहे, त्याच्या आत व्हायला हवं."

"एकाच ताक्यातलं घ्यायचं तर कापड सगळं एकदम भिजवावं लागेल, नाहीतर नंतर आटतं," ताई म्हणाल्या. "त्यापेक्षा एकेक घर घेते. सगळे पडदे एकदम उतरवले तर सगळी घरं उघडी पडतील."

"तेवढ्यात काय होतंय? आणि आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. रविवारी फाटकाचं ठरलं की ही रहदारीच बंद."

ताई स्टुलावर उभ्या होत्या, ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की एक बरं असतं, लगेच काही बोलावं लागत नाही. त्यांनी सगळ्या टाचण्या एकेक करून पडद्याला लावल्या आणि मग विचारलं, "कसलं फाटक?"

"पायवाटेला हो, दोन्ही टोकांना. नंबरचं कुलूप. नंबर फक्त आपल्या रांगेकडे. जागा मंडळाचीच आहे, त्यामुळे मागच्या रांगेला विचारायचा प्रश्न येत नाही."

"आमच्या ह्यांना मी तिथेच चालवते."

"अगं बाई! तुमच्याबद्दल कोण बोलतंय? तुम्ही तर आमच्यातल्याच. तुम्ही बेल वाजवा, आम्ही उघडू."

"रोज?"

"रोज म्हणजे... आधी फोन करून."

ताई घरी आल्या आणि यजमानांना काही बोलल्या नाहीत. उरलेल्या घरांचे पडदे उतरवले, गाडीत कोंबले, ताका भिजत घातला. माणूस खुर्चीत बसला की काय होतं ते त्यांनी सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं. पण पोट चालवणाऱ्या घरांशी भांडायचं कसं? आणि भांडून तरी काय, मतं सगळी पहिल्या रांगेचीच. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला तर तो तीनदा चुकला.

त्या संध्याकाळी पहिली रांग अंधारात बसली. दिवा लावावा तर दिसतो, न लावावा तर वाटीत काय आहे ते दिसत नाही. दंतवैद्यांनी म्हणे न्हाणीघरासमोरच्या बोळात उभ्याने जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, घर आपलं आहे, आपण का लपायचं? दिवा लावून ते खुर्चीत बसले. नेमके तेव्हाच ड्रायव्हरसाहेब थांब्यावर आले. आत माणूस बघून त्यांना इतकं बरं वाटलं की समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला करतात तसा त्यांनी हात वर केला. दंतवैद्यांनी मान फिरवली.

"अहो, चला," ताई पुटपुटल्या. "डोकावू नका लोकांच्या घरात."

"मी कुठे डोकावतोय? थांब्यावर माणूस उभं राहिलं तर बघायचं नाही?"

तिसऱ्या दिवशी दंतवैद्य इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक होतं. पान उलटलेलं कुणी पाहिलं नाही, पण पुस्तक होतं. शेजारच्या घरात पियानो आहे हे वस्तीला पहिल्यांदाच कळलं, कारण त्याच्यावरचे वाळत घातलेले कपडे निघाले. पलीकडच्या घरी नवराबायको एकमेकांशी हसून बोलताना दिसले. ती बातमी मागच्या रांगेत चढापर्यंत पोहोचली आणि पायवाटेवर गर्दी वाढली.

शुक्रवारी सकाळी दंतवैद्यीणबाईंचा फोन आला.

"ताई, काय सांगू, लोक बघतात हो! काल एक बाई चक्क थांबली. तुमचा दिवा फार सुंदर आहे म्हणाली, खुणेने!"

"मग तो दिवा आत नेऊन ठेवा."

"छे! का म्हणून?" आणि मग जरा थांबून, "मी म्हणते, खिडकीच्या आणखी जवळ घेतला तर बरा दिसेल का?"

ताईंनी फोन ठेवला आणि थोडा वेळ पिंपांकडे बघत राहिल्या. निम्मी अस्तरं बेतून झाली होती. मशीनवर बसल्या तर शनिवारी सगळं हातावेगळं झालं असतं. त्यांनी मशीनवर झाकण घातलं, पलंगावर मांडी घातली आणि सुई घेतली.

"मशीन बिघडलं?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"कडा हाताने घालते. सुबक दिसतात."

"तूच म्हणतेस ना, हाताची शिलाई वेळ खाते?"

"खाऊ दे."

त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. वाहतूक अडलेली असताना चेहऱ्यावरून माणूस ओळखायची सवय होती त्यांना. आणि ते दोरा ओवून द्यायला बसले. डावा हात चांगला होता.

शनिवारी स्वतः दंतवैद्यांचा फोन. ताईंनी घाबरतच घेतला.

"पडदे उद्यापर्यंत होतीलसं वाटत नाही, साहेब. हाताने घालतेय कडा."

"घाई नको," दंतवैद्य म्हणाले. "काम कसं, मुळापासून व्हावं."

रविवारी संध्याकाळी बैठक. मागच्या रांगेला आमंत्रण नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही. दंतवैद्यांचा दिवाणखाना दिव्यांनी लखलखत होता, मंडळी छान कपडे करून बसली होती, आणि काचेबाहेर पायवाटेवर बरीचशी वस्ती उभी होती. ऐकू काही येत नव्हतं. ताई यजमानांचा दंड धरून उभ्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत वाटणारी आशा आता त्यांना खुळचटपणा वाटायला लागली. दिवे काय, शर्ट काय, कुलूप लावायला कुठे आड येतात?

आत दंतवैद्य उठले. बोलता बोलता त्यांचं लक्ष बाहेर गेलं तसे ते आणखी ताठ झाले, हात जास्त हलायला लागले. मग पियानोवाल्या बाई काहीतरी बोलल्या. कुणीतरी मान हलवली. दंतवैद्यीणबाईंनी दिव्याकडे बोट दाखवलं.

आणि मग एकदम हात वर झाले. सगळेच.

ताईंना वाटलं, झालं. ठरलं. शेजारी यजमानांचा चेहरा मात्र फुलला होता.

"बघ, बघ! सगळे हात करतायत!" म्हणत त्यांनी काठी डाव्या बगलेत धरली आणि उजवा, सुधारलेला हात उंच केला.

"चला, अहो," ताई म्हणाल्या. "गाडीत बसू." उद्यापासून कुठे चालवायचं याचा विचार करत त्यांनी त्यांना वळवलं, तेवढ्यात काचेचं दार सरकलं आणि दंतवैद्यीणबाई बाहेर आल्या.

"ताई! बरं झालं भेटलात. फाटक रद्द केलं हो, एकमताने."

"रद्द?"

"सुरक्षेच्या दृष्टीने. हे म्हणाले, येणंजाणं असलं की चोराची हिंमत होत नाही. पियानोवाल्या म्हणाल्या, रस्ता बंद केला तर संध्याकाळी समोर नुसतं पाणी. बघणार काय, बदकं?" मग आवाज खाली करून, "आणि त्या पडद्यांचं... अस्तर लावूच नका. जाळीचे करा. बाजूला सारता येतील असे."

"कडा हाताने घातल्या आहेत," ताई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हो का? अगं बाई, उसवाव्या लागतील की मग."

दंतवैद्य काचेशी आले होते. ड्रायव्हरसाहेबांनी पुन्हा हात वर केला. या वेळी दंतवैद्यांनीही केला, आणि मागे मंडळी बघतायत हे लक्षात आल्यावर जरा जास्तच वेळ वर ठेवला.

चढावर गाडीत यजमान म्हणाले, "एवढ्या अस्तराचं करणार काय?"

"आपल्या खिडकीला लावते. पिंपं तरी दिसायची नाहीत."

"वळण आलं."

"दिसतंय मला," ताई म्हणाल्या, आणि यजमानांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जाईपर्यंत वाट बघून मग वळल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार. ढगाळ हवा. संध्याकाळी मंडळाची बैठक, फाटक नामंजूर, मीही हात वर केला. घरी येऊन पुढच्या खिडकीला जुनी चादर लावली. कपड्यांचे चिमटे कमी पडले.