रगतवाल्या अक्का

आमच्या मॅडम रक्त बघायच्या आधी मामाचं गाव विचारायच्या. समोर माणूस धापा टाकत बसलेला, मागे रांग थेट जिन्यापर्यंत, मी सुई हातात धरून उभा, आणि या अहिराणीत विचारतायत, "तुना मामानं गाव कोनतं?" पेशंट मामाच्या गावावरून मामाच्या भाऊबंदकीवर जायचा, तिथून कोणाच्या तरी विहिरीवर, आणि मॅडम हे सगळं लिहून घ्यायच्या. दोन मिनिटांचं काम पाऊण तासाचं व्हायचं. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं त्यांचा टेक्निशियन होतो. त्यातली निदान चार वर्षं तरी माझी लोकांच्या मामांची गावं ऐकण्यात गेली असतील.

एकदा मी चिडून विचारलं, की मॅडम, रक्ताच्या कॅन्सरचा आणि मामाचा संबंध काय. त्या म्हणाल्या, "बाईचं नाव लग्नात बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. मोबाईल नंबर तर बिचारीचा कधी नसतोच. मामाचं गाव तेवढं बदलत नाही, सोनवणे. उद्या ती हरवली तर शोधायची कशी?" मी म्हटलं, आपण लॅब चालवतो की पोलीस चौकी. यावर त्यांनी मला कागदावरचा मामाच्या गावाचा रकाना भरायला दिला. माझ्या विनोदावर त्या अकरा वर्षांत एकदाही हसल्या नाहीत.

खेड्यातले लोक त्यांना रगतवाल्या अक्का म्हणत. बाई मूळच्या जळगावच्या. मुंबईला शिकल्या, मग परदेशात काही वर्षं रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन केलं, आणि तिथलं सगळं सोडून धुळ्यात येऊन बसल्या, जिथे उन्हाळ्यात लॅबमधला पंखासुद्धा दुपारी दमून थांबायचा. मुंबईचे त्यांचे जुने सहकारी कधी आले की हळहळायचे, की कुठे येऊन पडलात. त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "तिकडे नळीत रक्त यायचं. त्याच्यामागून माणूस यायचा नाही." पाहुणे माना डोलवायचे. रक्तामागून येणारा तो माणूस सांभाळायला मी होतो, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

मॅडमचा जीव मात्र माणसाइतकाच एका फ्रीजमध्ये अडकलेला होता. उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीज, आणि त्यात प्रत्येक पेशंटच्या रक्ताचा थोडा थोडा नमुना. दर रविवारी त्या जळगावला घरी जायच्या आणि तिथून न चुकता फोन करायच्या : "फ्रीजचा आवाज कसा येतोय?" सुट्टीच्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन फोन फ्रीजला लावून धरायचो. पलीकडे त्या डोळे मिटून ऐकत असणार, अशी माझी खात्री होती. माझी बायको म्हणायची, तुमच्या तब्येतीची एवढी चौकशी कोणी केली का कधी. नव्हती केली.

चूक त्यांना खपत नसे. एकदा माझा दशांशचिन्हाचा ठिपका एक घर सरकला, तर त्यांनी मला महिन्याभराची नोंदवही पुन्हा लिहायला लावली. "एक ठिपका चुकीचा असला तर बाकीच्यांवर मी का विश्वास ठेवू?" रागावून नाही, अगदी शांतपणे विचारलं. रागावल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.

अशा बाईच्या हाताखाली मी एक रकाना कोरा सोडला. ती मुलगी शिरपूरच्या वरच्या अंगाच्या, सातपुड्याला लागून असलेल्या एका खेड्यातली. तिला मी मंगल म्हणतो. एकोणीस वर्षांची, बापाबरोबर आली होती. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट झालेल्या. या प्रकारच्या कॅन्सरला रोज एक गोळी लागते, ती घेत राहिलं तर माणूस इतरांसारखं जगतं, आणि गोळ्या आमच्याकडे फुकट मिळायच्या. मॅडम त्या दिवशी परगावी होत्या, गर्दी मरणाची होती, आणि मी ठरवलं की आज मामा नाही. नाव, गाव, बापाचा फोन, एवढं लिहून मी तिला मोकळं केलं.

नेमकी तीच मुलगी निराळी निघाली. या आजारात दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटतात, आणि ती बहुतेकांची ठरलेल्या एकदोन जागीच तुटतात. मंगलची तिसऱ्याच जागी तुटली होती. मॅडमनी तपासणी तीनदा करायला लावली. चौथ्यांदा स्वतः केली. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "सोनवणे, ही पोर आपल्याला काहीतरी शिकवणार आहे." अशा रुग्णांवर ती गोळी किती काळ चालते, याबद्दल फार कोणी लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा हा प्रश्न होता. मंगलला गोळी छान लागू पडली. दीड वर्ष ती दर महिन्याला आली, गाल भरले, आणि एक दिवस यायची थांबली.

मी फोन केला. बाप म्हणाला, "तिनं लगीन व्हई गयं, भाऊ. आते परत फोन करू नका." सासरचं गाव विचारलं, तर फोन ठेवला. पुढच्या वेळी नंबरच बंद. तेव्हा मॅडमनी तिचा कागद काढला आणि कोरा रकाना त्यांना दिसला. शनिवारी दवाखान्याची गाडी काढायला लावली आणि मला घेऊन त्या खेड्यात गेल्या. बाप घरात असून बाहेर आला नाही. शेजारच्या म्हातारीने तेवढं सांगितलं, की पोरीचं आजारपण लपवून लग्न लावलंय, तुम्ही विचारत फिरलात तर तिचं घर मोडेल. हे ऐकल्यावर मॅडम पुढे कोणालाच काही न विचारता गाडीत येऊन बसल्या. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, आता तरी 'संपर्क तुटला' असं लिहून तो कागद बंद करू. म्हणाल्या, "संपर्क आपण तोडलाय. तिने नाही." आपण म्हणजे मी, हे मला कळलं.

दोन वर्षांनी शिंदखेड्याकडची एक सून आमच्याकडे आली. तोंडावर पदर, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, सोबत सासू आणि नवरा. नाव पल्लवी, आजार पहिल्यांदाच, पूर्वी कुठलंही औषध नाही. तसं नवऱ्याने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. गर्दीत मी तिला ओळखलं नाही. तशीही ती खंगून निम्मी झाली होती. तपासणीचा निकाल आला तेव्हा मॅडमनी मला हाक मारली. जनुकं पुन्हा त्याच तिसऱ्या जागी तुटलेली. "मंगलचा जुना नमुना काढा फ्रीजमधून." दोन्ही शेजारी ठेवून तपासले. रक्त एकाच बाईचं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुन्या नावाबरोबर तिची गोळीही सुटली होती.

पुढच्या खेपेला मॅडमनी 'आत एकच माणूस' असं सांगून तिला एकटीला घेतलं. मी रक्त काढायला होतो. मंगलचा जुना कागद पुढे ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "मामानं गाव कोनतं तुनं?" पोरीने गाव सांगितलं आणि रडायला लागली. "अक्का, मना संसार मोडी जाई." मॅडम म्हणाल्या, "रोज गोळी लेशी ना? मंग बाकीनं माले सांगू नको." बाहेर सासू उभीच होती. तिने सरळ विचारलं, "मॅडम, हाई पोरले पहिलेपाईन व्हतं का?" माझ्या हातात दोन्ही रिपोर्ट होते, जुना आणि नवा. एका ठिपक्यासाठी माझ्याकडून महिनाभराची वही लिहून घेणारी ही बाई सासूकडे पाहून म्हणाली, "रगतवर तारीख लिखेल नही ऱ्हास, मावशी. आते गोळी चुकाले नको, तेवढं तुम्ही देखा."

गोळी पुन्हा लागू पडली, जरा जास्त मात्रेने. मॅडमकडे आता त्या दुर्मिळ प्रकाराची सलग गोष्ट होती : गोळीआधीचं रक्त, गोळीवरचं, गोळी सोडल्यावरचं आणि पुन्हा सुरू केल्यावरचं. असं आपल्या वाचनात कुठे आलेलं नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि स्वतःच्या कामाबद्दल एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या बाबतीत नाचण्यासारखंच होतं. मी म्हटलं, मग छापा. त्यासाठी तिची संमती लागणार होती. दोन्ही नावं आपलीच आहेत, असं लिहिलेल्या कागदावर सही. तिचा नवरा प्राथमिक शाळेत मास्तर, कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. मी म्हटलं, निदान तिला एकटीला विचारून तर बघा. मॅडम म्हणाल्या, "तिची गोळी माझ्या हातात आहे. ती मला नाही म्हणू शकत नाही. म्हणून विचारायचं नाही."

आणि नाहीच विचारलं. त्यांचा शोधनिबंध त्या एका गोष्टीशिवाय गेला, दोन ठिकाणांहून 'यात नवीन काही नाही' म्हणून परत आला, आणि कुठल्याशा बारक्या नियतकालिकात छापून आला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. सगळ्यात संताप याचा, की ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. शनिवारी म्हणाल्या, "या आठवड्यात लॅबमध्ये काम फार छान झालं, सोनवणे."

त्या संतापातच मी ते पाप केलं. महिन्याच्या गोळ्या न्यायला ती आली होती. सासू लांब बाकावर बसली होती. मी पुडी हातात देताना हळूच म्हटलं, "तुझ्या एका सहीसाठी मॅडमचं आयुष्यभराचं काम अडलंय, माहीत आहे का?" काय सही, कसली सही, तेही सांगून टाकलं. ती पुडी पदरात बांधून गेली. मलाच राहवलं नाही म्हणून संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं. अकरा वर्षांत त्यांना तेव्हा एकदाच आवाज चढवताना ऐकलं. पुढच्या महिन्यात ती येईल की नाही, या काळजीत त्यांनी ते चार आठवडे काढले. ती आली. मॅडम स्वतः खिडकीपाशी गेल्या आणि तिला म्हणाल्या, "सोनवणेभाऊ चुकीचं बोलले. तुझ्यामुळे माझं काही अडलेलं नाही." हेही खोटंच होतं. त्या बाईने आयुष्यात बोललेली दोन खोटी वाक्यं मला माहीत आहेत, आणि दोन्ही या एका पोरीसाठी.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या आणि जळगावला गेल्या. मागच्या वर्षी एका सकाळी चहा घेता घेता हृदय थांबलं. मी गेलो होतो. शोधनिबंधाचं तिथे कोणाला काही माहीत नव्हतं. अंगणात चोपड्यापासून साक्रीपर्यंतची माणसं बसली होती आणि एकमेकांना विचारत होती, तुम्हाला गोळीचं कितवं वर्ष.

यंदा दिवाळीनंतर पल्लवी आली. मॅडम निवृत्त झाल्यापासून तिच्या गोळ्या तिकडच्याच दवाखान्यात जायच्या, त्यामुळे ती इकडे आलीच नव्हती. नवरा आणि सासू बरोबर होते, पण बोलत तीच होती. तिने घरी सगळं सांगितलं होतं. महिनाभर सासू तिच्याशी बोलली नाही, म्हणाली. मग एका सकाळी ती गोळी घ्यायला विसरली, तर सासूने तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं आणि ती गोळी घेईपर्यंत उभी राहिली. "आते सही करस मी," ती म्हणाली. "अक्का कोठे शेतस?"

मी सांगितलं. ती खाली बसली. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, कागद तर द्या. मी संमतीचा कागद काढून दिला. मास्तरांनी तो सगळा वाचला आणि स्वतःच्या खिशातलं पेन तिला दिलं. तिने सावकाश दोन्ही नावं लिहिली, आधी मंगल, मग पल्लवी, आणि मला विचारलं, "आते अक्कानं काम पुरं व्हई ना?"

त्या कागदावर दोन सह्या लागतात. एक पेशंटची, आणि तिच्याखाली, हे सगळं मी तिला समजावून सांगितलं आहे असं म्हणणाऱ्या संशोधकाची. मॅडमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मी टेक्निशियन आहे, माझी सही तिथे चालत नाही. मी तिला म्हटलं, "हो, होईल." मग तिचं रक्त काढायला बसवलं.